कोरं घड्याळ

"एक रुपयाचा नाणा आसा काय रे, जयो?" विश्रामनं विचारलं.

मी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेला टेकून भात जेवत होतो. उजवा हात खरकटा, म्हणून डाव्या हातानं पिशवी चाचपली आणि नाणं त्याच्याकडे फेकलं. त्यानं ते झेललं, मांडी घालून बसला, माझं घड्याळ पालथं केलं आणि त्याच्या पाठीवरच्या झाकणाच्या खाचेत नाणं घातलं.

घड्याळ म्हणजे वेळ बघायचं नव्हे. डाईव्ह कंप्युटर. मनगटावर बांधायचा, म्हणून आम्ही मालवणात त्याला घड्याळच म्हणायचो. आपण किती खोल गेलो, किती वेळ झाला, अजून किती वेळ खाली राहिलं तर चालेल, हे तो सांगतो. खोल पाण्यात टाकीतली हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर तो निघून जायला कित्येक तास लागतात. तो पुरता निघायच्या आत परत बुडी मारायची असेल तर आधीच्या बुडीचा हिशेब धरावा लागतो. नाही धरला तर सोड्याची बाटली फोडावी तसं रक्त आतून फसफसतं. आमचे बापजादे श्वास कोंडून खडकावरचे शिनाणे, म्हणजे शिंपले, काढायचे, त्यांना असल्या हिशेबाचं काम पडलं नाही. आम्हाला टाक्या आल्या, टाक्यांबरोबर घड्याळं आली आणि घड्याळ दाखवील तो आकडा खरा असं आम्ही धरून चाललो. स्वतःचं डोकं कधीच बाजूला ठेवलं होतं.

"आत्ता कित्याक उघडतंस?" मी म्हटलं. "सांजेक घराकडे गेल्यावर बदलूया."

"सेल मेलो हा. चिन्ह लुकलुकता बघ. खाली बंद पडलो तर काय करतलंस?"

विश्राम माझ्या धाकट्या बहिणीचा, तृप्तीचा, नवरा. त्याच्या आधी तो माझा शाळेपासूनचा दोस्त. तृप्तीचं त्याच्याशी जमलं तेव्हा घरात पहिली बाजू मी घेतली होती. आम्ही दोघंही दिगंबर शेठच्या स्कूबा सेंटरवर कामाला. एरवी पर्यटकांना उथळ पाण्यात मासे दाखवायचे, आणि मधे मधे अशी मोठी कामं. त्या दिवशीचं काम होतं बुडालेल्या एका ट्रॉलरचं इंजिन वर काढायचं. ट्रॉलर पडला होता सतरा वावांवर, म्हणजे शंभर फुटांवर, आमच्या रोजच्या पाण्याच्या चौपट खोल. इंजिन उचलायला शेठनं रत्नागिरीकडून क्रेनवाली बार्ज आणली होती, आणि ती दुसऱ्या दिवशी परत जाणार होती.

सकाळी आम्ही दोघंही खाली जाऊन आलो होतो. दोऱ्या बांधून झाल्या, पण इंजिनाचे बोल्ट गंजून घट्ट धरले होते. ते सोडवायला दुसरी बुडी मारायची तर वेळ हवा, आणि माझं घड्याळ दुसऱ्या बुडीला जेमतेम खाली जाऊन वर येण्याइतकाच वेळ देत होतं. मी तर विश्रामला सांगूनही टाकलं होतं, आज जमत नाही, शेठला सांग बार्ज थांबव. विश्राम फोन घेऊन बोटीच्या मागच्या टोकाला गेला. शेठचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. एवढं ऐकलं की तो 'होय शेठ, होय शेठ' म्हणत होता.

तिथून आला तो नाणं मागत.

आता सेल बदलण्याचं सांगतो. सेंटरच्या भिंतीवर नियम लावलेला होता की घड्याळाची बॅटरी कोणीही स्वतः बदलू नये, मुंबईला पाठवावी. मुंबईला पाठवलेलं घड्याळ महिना महिना येत नसे, आणि तेवढे दिवस शेठ आम्हाला घरी बसवत असे. त्यामुळे आम्ही सगळेच बदलायचो, आणि सेलांचं पाकीट शेठच आणून ड्रॉवरात ठेवायचा. नियम भिंतीवर आणि सेल ड्रॉवरात. मात्र आम्ही बदलायचो ते संध्याकाळी, काम आटपल्यावर. दोन बुड्यांच्या मधे भर समुद्रात कोणी झाकण उघडल्याचं मला आठवत नाही.

विश्रामचा हात मात्र देवानं दिलेला. झाकण काढलं, रबराची रिंग टाचणीनं अलगद उचलली, बनियनच्या टोकानं पुसली, उजेडात धरून फिरवून बघितली. रिंगेवर एक केस राहिला तरी पाणी आत शिरतं. मग बोटाच्या पेरावर मलम घेऊन रिंगेला चोळलं, जुना सेल काढला, नवा बसवला, झाकण लावलं, नाण्यानं आवळलं. एक थेंब आत गेला नाही नंतर. एवढं चोख काम.

"घे," तो म्हणाला. "बघ आता."

मी बघितलं. सतरा वावांना घड्याळ सकाळच्याइतकाच वेळ देत होतं. पुरेपूर.

"एवढो टायम कसो काय?" मी विचारलं.

"सेल वीक होतो म्हणान मघाशी कमी दाखवी होतो. आता बरोबर दाखवता."

"आणि तुजो किती दाखवता?"

"माजा सोड. माजो कान दुखाक लागलो हा, दाब सुटणा नाय. तू जा, मी वरसून दोरी बघतंय." आणि हसला. "लग्नाच्या वयाचो झालंस मेल्या, दोन बोल्टांका घाबरतंस?"

माझ्या मनात आलंच नाही असं नाही. आलं. पण विश्राम सुपरवायझर झाला होता. पावसाळ्यात शेठनं त्याला मुंबईला कोर्सला पाठवलं होतं, तिथून तो शिक्क्याचा कागद घेऊन आला होता. माझ्याकडे कागद नव्हता. आणि तो माझा मेहुणा. तृप्तीला सातवा महिना. आपल्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे घ्यायचा तरी कसा? मी घड्याळ बांधलं आणि पाण्यात पडलो.

बोल्ट सुटले. एक तर इतका अडून बसला होता की त्याला मी पाण्यात शिव्या घातल्या. घड्याळ सांगत होतं अजून वेळ आहे, मी घेतला तो वेळ. वर येतानाही त्यानं थांब म्हटलं तिथे थांबलो, जा म्हटलं तिथे गेलो. शिस्तीत. माझ्यामागून इंजिन वर आलं तेव्हा बार्जवरच्या लोकांनी शिट्या मारल्या. विश्रामनं शेठला फोन लावला, "काम झाला शेठ."

मी बोटीत बसून कपडे उतरवत होतो तेव्हा खांदे खाजायला लागले. मग कमरेभोवती कोणीतरी पट्टा आवळत नेल्यासारखं झालं.

"गॅस झालो," बोटवाला म्हणाला. "भात खावन लगेच बुडी मारल्यान." त्यानं मला सोडा दिला. मी प्यायलो. विश्राम समोर उभा होता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला होता, पण काय होतंय, कुठे दुखतंय, एक शब्द त्यानं विचारला नाही. इंजिन चालू कर म्हणून बोटवाल्यावर ओरडला तेवढाच.

बंदर दिसायला लागलं तेव्हा मी उठायला गेलो आणि जागच्या जागी बसलो. परत उठायला गेलो. पाय माझे होते, समोर दिसत होते, पण माझं ऐकत नव्हते. मी त्यांच्यावर हात मारला. हाताला पाय लागला, पायाला हात लागला नाही. तेव्हा मी घाबरलो. आईला हाक मारली मी, आई जाऊन तेव्हा किती वर्षं झाली होती.

गाडी करून मला गोव्याला नेलं. तिथे एक लोखंडी टाकी असते, तिच्यात माणसाला घालून परत दाब देतात, म्हणजे अंगातले बुडबुडे विरघळतात. वेळेत पोचला तर माणूस चालत बाहेर येतो. मी वेळेत पोचलो नव्हतो. टाकीत पुन्हा पुन्हा घातलं. हातांना मुंग्या येणं थांबलं. कमरेखाली काही हललं नाही.

तिथल्या डॉक्टरीण बाई पुण्याच्या. माझं घड्याळ हातात घेऊन त्या पलंगाशी आल्या.

"मालंडकर, एक सांगा. दोन बुड्यांच्या मधे याची बॅटरी काढली होती का?"

"होय. सेल संपला होता."

त्यांनी मान खाली घातली. "हे मॉडेल जुनं आहे. बॅटरी काढली की मागचं सगळं पुसलं जातं. कोरं होतं. त्याच्या लेखी तुम्ही त्या दिवशी पाण्यात उतरलाच नव्हता. म्हणून त्यानं तुम्हाला पूर्ण वेळ दिला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"हे कोणाला माहीत असतं?" मी विचारलं.

"माहितीपुस्तकात असतं. ते कोण वाचतं म्हणा. पण सुपरवायझरचा कोर्स केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तिथे हे बजावून सांगतात."

त्या गेल्या. मी छताकडे बघत पडलो. सेल वीक होता म्हणून कमी दाखवत होता. कान दुखतो. तू जा. एकेक शब्द परत ऐकू यायला लागला. आवशीक खाव त्याच्या, माणसानं माणसाला फसवावं ते इतक्या सफाईनं? राग आला म्हणणं फार थोडं आहे. हाताशी सलाईनचा दांडा होता, विश्राम त्या वेळी आत आला असता तर मी तो त्याच्या डोक्यात घातला असता. पण तो काही आला नाही. मालवणहून हवालदार जबाब घ्यायला येणार आहेत असं नर्सनं सांगितलं, आणि मी त्या हवालदाराची वाट बघायला लागलो. सगळं सांगायचं. शेठचं, ड्रॉवरातल्या सेलांचं आणि विश्रामचं. पाय गेले तर गेले, कोणी घालवले ते तरी जगाला कळू दे. माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं.

हवालदाराच्या आधी तृप्ती आली.

एवढं पोट घेऊन एसटीनं आली होती. डब्यात पेज आणि भाजलेला सुका बांगडा. माझ्या पायांकडे तिनं बघितलं नाही. चादर सारखी केली, पेज वाटीत ओतली, चमचा माझ्या हातात दिला आणि स्टुलावर बसली.

"विश्राम खंय आसा?" मी विचारलं.

"घराकडे. जेवणत नाय. झोपणत नाय. नुसते बसान आसत."

"तेका सांग, हंय येवन बस."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. लहानपणी आईनं रागे भरलं की अशीच करायची.

"दादा, तेंनी जबाब दिल्यानी. काल."

"काय म्हणान दिल्यान?"

"बॅटरी तूच बदललंस म्हणान. तेंका न इचारता."

मी वाटी खाली ठेवली. मग मी तिला समजावून सांगायला लागलो, वेड्यासारखा. वाटलं, हिला माहीत नसेल. घड्याळ कसं कोरं होतं, डॉक्टरीण काय म्हणाली, कोर्सात काय शिकवतात, त्यानं माझ्याकडे नाणं कसं मागितलं. ती ऐकत होती. मधे एकदाही तिनं 'काय सांगतंस' म्हटलं नाही.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तेंनी माका सगळा सांगल्यानी. तेंका ठावक होता. शेठ म्हणाले, काय पण कर, इंजिन आज वर येवक व्हया. तेंका वाटला, एका बुडीन काय होवचा नाय."

"तेका वाटला."

"होय."

"मगे तो कित्याक नाय गेलो खाली?"

तिनं पोटावर हात ठेवला. मुद्दाम ठेवला असेल असं मला वाटत नाही. पण मला तो हात दिसला.

"शेठ म्हणतत, सुपरवायझरान बदलल्यान असा झाला तर तेंका पोलीस घेवन जातले. लायसन जाताला. परत कोण कामाक ठेवचो नाय. तू बदललंस असा झाला तर केस हंयच मिटता." ती थांबली. मग पहिल्यांदा तिनं चादरीखालच्या माझ्या पायांकडे बघितलं, आणि जे बोलली ते अगदी हळू, समजुतीनं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलली. "दादा, तुजे पाय तर गेलेच. ते कोण परत देवचो नाय. माजा घर तरी रवांदे."

मी तिला जा म्हटलं. परत एकदा जा म्हटलं. ती उठली, डब्याचं झाकण लावलं, वाटी धुऊन आणून टेबलावर पालथी घातली आणि गेली. रडली असती तर मी तिला शिव्या घातल्या असत्या, मला मोकळं वाटलं असतं. तीही सोय तिनं ठेवली नाही.

दुपारी हवालदार आले. पोट सुटलेले, दमलेले, घामाघूम. स्टुलावर बसून टोपी मांडीवर ठेवली.

"घड्याळाची बॅटरी कोणी बदलली?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बसस्टॉप होता. तृप्ती अजून गेली नव्हती. उन्हात उभी होती, एक हात कमरेवर देऊन, डबा हातात. माझ्या खिडकीकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही स्वतः?"

"स्वतः."

"सुपरवायझरला विचारलं होतं?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

"घाई होती."

"म्हणजे निष्काळजीपणा तुमचाच झाला."

"लिहा तसं."

हवालदारांनी लिहिलं, वाचून दाखवलं, मी सही केली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी घ्यायची ओ, तरणाताठा माणूस." मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात मनापासून वाईट वाटलेला तो एकटाच माणूस होता.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. शेठनं मला चाकाची खुर्ची दिली. देतानाचा फोटो सेंटरच्या भिंतीवर लावलाय, नियमाच्या बाजूला. विम्याचं म्हणाल तर स्वतः नियम मोडणाऱ्याला विमा मिळत नाही. मी अंगणात बसून जाळी शिवतो, पोटापुरतं सुटतं. माझं लग्न ठरत आलं होतं ते मोडलं, मुलीकडच्यांना मी दोष देत नाही. विश्रामला शेठनं पुढे भागीदार करून घेतलं.

तृप्ती सुरुवातीला यायची. दाराशी उभी राहून काय हवं नको विचारायची आणि जायची. मग येणं कमी झालं, मग बंद झालं. भाऊबीजेला मुलीच्या हाती लाडू पाठवते. मुलगी गुणी आहे, मामा मामा करते. विश्राम मात्र येतो. त्याला काही अडचण नाही. ज्याच्यासाठी मी खोटं बोललो त्याला माझ्यासमोर बसता येतं, आणि जिनं बोलायला लावलं तिला येत नाही. हे मला अजून उलगडलेलं नाही, आणि आता उलगडून तरी काय करायचंय?

गेल्या हिवाळ्यात तो नव्या शिकाऊ मुलामुलींना घेऊन आला. दरवर्षी आणतो. पुण्याची, कोल्हापूरची मुलं, अंगात सेंटरचे निळे टीशर्ट. अंगणात माझ्यासमोर अर्धगोल करून उभी राहिली. विश्राम त्यांच्यासमोर मालवणी बोलत नाही.

"हे जयवंत मालंडकर," तो म्हणाला. "माझे मेहुणे. आमच्यातले सगळ्यात चांगले पाणबुडे होते. एक दिवस यांनी दोन बुड्यांच्या मधे घड्याळाची बॅटरी स्वतः बदलली. कोणाला न विचारता. त्याचं काय झालं ते तुम्हाला दिसतंच आहे."

मी जाळ्याची गाठ मारत होतो, मारत राहिलो. चष्मा लावलेली एक मुलगी पुढे आली. बोलायला संकोचत होती बिचारी.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही का बदललीत?"

मी मान वर केली. विश्राम माझ्याकडेच बघत होता. डोळ्यांत भीती असती तर मला जरा तरी बरं वाटलं असतं. काही नव्हतं. इतकी वर्षं सांगून सांगून त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं असावं.

"मूर्ख होतो म्हणून," मी म्हटलं.

विश्राम माझ्या खुर्चीमागे आला आणि त्यानं माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"बघा," तो मुलांना म्हणाला, "म्हणून मी मुद्दाम तुम्हाला इथे आणतो. चूक सगळ्यांकडून होते. पण अशी चारचौघांत कबूल करायला मोठं मन लागतं."

आणि त्यानं टाळी वाजवली. त्याचं बघून मग मुलांनीही वाजवली.